तीन मिलिमीटर

आगरवाड्यात मिठागराच्या मेरेवर गाडी पळवायची
म्हणजे मीठ आलंच.
(अर्धी मेर भावाची. तिथून मी जपून वळवतो.)

पहिल्या वर्षी कंपनीचेच स्क्रू होते,
काळे, तेलकट, कडक.
चवथीपर्यंत त्यांना नारिंगी मिशी फुटली,
दिवाळीला तर निघायलाच तयार नाहीत,
चुलत्याच्या घरी राहायला आलेल्या पाहुण्यांसारखे.

मग म्हापशाहून स्टेनलेस आणले,
वजनावर, कागदाच्या पुडीत.
गंज नाही, पण मऊ.
ॲलन की जरा तिरकी लागली
की डोक्यातली सहा कोनांची खोच गोल होते,
मग फिरवत बसा
रिकाम्या बशीत चमचा फिरवल्यागत.

टायटॅनियम मुलानं फोनवर दाखवला.
एका स्क्रूला दोन बांगडे.
म्हटलं, गाडीचे सोळा ग्रॅम राहू देत,
मीच दोन किलो उतरवतो.

लुदोविक मिस्तीर एकतीस वर्षं बार्जवर होता.
इंजिनचा खोकला धक्क्यावरून ओळखायचा.
त्यानं गाडी उलटी धरली,
कल्ले बघायला मासा धरतात तशी.
"सगळे पाराफूस एकाच जातीचे?"
मी म्हटलं, हो, सगळे चांगले.
"मग आपटल्यावर मोडणार कोण?"

मोटरपाशी त्यानं काळे बसवले, ग्रीसमध्ये बुडवून.
वर, जिथं जोर नाही, तिथं स्टेनलेस;
तेही ग्रीस लावूनच, नाहीतर ॲल्युमिनियमला
खारट हवेत पांढरं पीठ सुटतं म्हणाला.
पुढच्या बंपरला नायलॉनचे दोन,
दुधाच्या दातांसारखे.
"हे मोडायला."
किंमत विचारली तर हसला.

रविवारी गाडी मानशीच्या लाकडावर गेली, पूर्ण वेगात.
टच्च.
बंपर एकीकडे, गाडी चिखलात पालथी,
चाकं अजून हवेत फिरतायत.
आर्म सरळ. गिअर शाबूत.
पाच रुपयांचं डोकं तुटून कुठं तरी
मिठात पडलं होतं, शोधून सापडेना.
दोन्ही पांढरे.

आता शर्टाच्या खिशात चार-पाच असतातच.
धुण्यात जातात, बायको डबीत जमवते.
परवा मेरेच्या कागदांसाठी भावाकडे गेलो.
दार त्यानंच उघडलं.
तो बोलायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं,
माझी बोटं खिशात
एकेक मोजतायत.