तीस मिली

दर पंधरा मिनिटांनी तीस मिली.
खोकल्याच्या बाटलीचं झाकण असतं ना, दोन वेळा भरून, तेवढं.
नारळपाणी गाळून, परत गाळून,
मुगाचं कढण, वरची निवळ फक्त,
आणि वहीत सही: द्रौ. गावस.

दोनापावलाच्या या इस्पितळाला पुढून समुद्र आहे,
मागून स्वयंपाकघर.
मी मागची.

तीनशे चारमधली बाई मोंबासाहून आलेली,
दोन विमानं बदलून. नाव म्वानाइशा.
मला ते जमायला दोन दिवस लागले,
तिला द्रौपदी जमलंच नाही, दोपा म्हणायची.
वजन एकशे अठ्ठेचाळीस. गुडघे दोन्ही गेलेले.
विमानात पट्टा पुरला नाही,
तेव्हा जोडपट्टा तिनं बोटांनी खूण करून मागितला,
शेजारच्याला कळू नये म्हणून.
तिथं शाळेत चारशे मुलांचं रांधते.
भावांनी होडीतला वाटा विकला
तेव्हा कुठं हे पोट कापायचे पैसे जमले.

डॉक्टरांनी केळं दाखवून समजावलं:
एवढं ठेवणार, बाकीचं काढून टाकणार.
केळं माझ्याच टोपलीतलं.
ती हसली. मग खूप वेळ केळ्याकडे बघत बसली.

मोपाला उतरले, म्हणाली, तर सगळं लाल लाल,
माणूस नाही की काणूस नाही.
मी बोलले नाही काही.
त्या पठारावर माझी आई शेळ्या चारायची,
काजूच्या सावलीला भाकरी सोडायची.
धावपट्टी नेमकी कुठल्या झाडावरून गेली
ते आता भावालाही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सलाइनचा खांब ढकलत
ती खाली आली, सिस्टरचा डोळा चुकवून.
मी स्टाफच्या हुमणाला नारळ खोवत होते.
आडाळीकडे बोट करून ओरडलीच, म्बुझी!
मला वाटलं, टाका सुटला.
तर तिनं डोक्याला दोन बोटं लावली, शिंगं,
आणि टाके धरून, हळू,
बें केलं.
शेळी.
त्यांच्याकडे खोवणीला शेळी म्हणतात.

मी आडाळी ओट्यावर चढवली, पाट दाबून धरला.
असं करायला नको होतं. वाकायचं नाही, जोर लावायचा नाही,
सगळं तिच्या कागदावर छापलेलं.
तिनं उभ्यानंच एक वाटी खोवली.
हात चारशे मुलांचा.
चव पांढरीशुभ्र पडत गेली,
करवंटीचा एक तपकिरी कण नाही.
चिमूट उचलली, नाकाशी नेली,
ताटात परत ठेवली.
मी पाठ करून मसाला वाटत राहिले, वाटलेलाच.

भूक कुठं जाते गं दोपा?
कापलेल्या तुकड्याबरोबर जाते का?
मी काय सांगणार.
माझ्या आईची शेळ्यांमागून गेली होती,
संध्याकाळी शेळ्या परत आल्या, त्यांच्याबरोबर तीही.

मग पंधरा मिनिटं झाली.
तिनं कप घेतला
आणि हट्टी पोराला पाजावा तसा
स्वतःला पाजला.

जाताना मी म्हापशाच्या बाजारातली एक आडाळी दिली,
पातं जुन्या साडीत गुंडाळून. शुक्रवारची होती, स्वस्त पडली.
विमानतळावर बॅग अडवली: दोन किलो जास्त.
पैसे भरले म्हणे, फोनवर हसत होती,
हसताना अजून दुखतं म्हणाली.
स्वतःचं वजन तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

आज तीनशे चारमध्ये लंडनचे कोणी गृहस्थ आलेत.
वरून केळं मागवलंय.
मी फणी उलटसुलट करते,
आणि त्यातल्या त्यात मोठं बघून
ट्रेवर ठेवते.