रिकाम्याची नक्कल

विल्सन साळवे मस्कतहून परतला,
शरणपूर रोडच्या घराला तेव्हा रंग लागत होता,
म्हणून ते खोकं सहा महिने
नेहरूनगरला आमच्या क्वार्टरमध्ये राहिलं.
वर लिहिलेलं : अमिगा.
आई म्हणाली, अमिबा का?

टीव्हीला वायर जोडली की आधी एक पांढरा हात यायचा,
फ्लॉपी धरलेला.
मागतोय की देतोय, शेवटपर्यंत कळलं नाही.
मग घरघर, मग टक टक टक,
मग सगळं निळं,
आणि निळ्यात एक छोटा नारिंगी बाण,
जो मी टेबलावर हात हलवला की तिकडे हलायचा.
इतकंच. पण रात्री झोपेतही
माझं मनगट चादरीवरून सरकत होतं.

यंत्र अडलं की बाणाचा ढग व्हायचा,
ढगात दोन झेड : झोपलंय.
फारच बिनसलं तर काळ्या पडद्यावर लाल चौकट उघडझाप करी
आणि आत लिहिलेलं असे, गुरू मेडिटेशन.
आई स्वयंपाकघरातून यायची, हात पुसत,
‘गुरू बसलाय ना? मग उठवू नका. आधी जेवून घ्या.’

आप्पांना हे सगळं लांबूनच.
आप्पा प्रेसमध्ये तपासनीस.
छापताना बिघडलेले कागद मोजायचे,
कोपरा दुमडलेला, शाई सांडलेली, नंबर तिरका,
एकेक मोजायचा, मग भोक, मग सही,
मग दुसऱ्याची सही, मग भट्टी.
सुटताना गेटवर डबा उघडून दाखवायचा,
खिसे उलटे करायचे,
पावसाळ्यात छत्रीसुद्धा.
बावीस वर्षं.

एका रविवारी वीज टिकून होती आणि नंदू मॅचला गेला होता.
आप्पा खुर्ची ओढून बसले.
माऊसला हात लावण्याआधी
सवयीनं अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायला गेले,
स्पंज नव्हता.
टेबल संपलं तिथं बाण थांबला.
‘उचला, मागे आणा, पुन्हा ठेवा.’
उचलला त्यांनी, डोक्याएवढा वर,
जणू दिवाबत्तीची समई.

त्यांना कचऱ्याचा डबा आवडला.
नंदूचं एक चित्र उचलून त्यात टाकलं.
डबा उघडला. चित्र आत होतं.
पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा टाकलं,
पुन्हा उघडून पाहिलं.
‘म्हणजे टाकलेलंही हिशोबात आहे,’ ते म्हणाले,
प्रेसमधला माणूस प्रेसमधल्या माणसाविषयी बोलावा तसे.
मी म्हटलं, हा डबा कायमचा रिकामाही करता येतो,
वर मेनूत आहे.
त्यांनी हात काढून घेतला.
‘आणि सही कुणाची?’

नंतर विचारलं, मला एक खण देशील?
त्या यंत्रात नवा खण करता येत नसे.
‘एम्प्टी’ नावाचा एक रिकामा खण आधीपासून असायचा,
त्याचीच नक्कल काढायची.
मी काढली.
खाली नाव उमटलं : कॉपी ऑफ एम्प्टी.
रिकाम्याची नक्कल.

नक्कल हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे.
आप्पा हसले. मी ते हसू आधी पाहिलं नव्हतं,
दात दिसले, वरचा एक सोन्याचा.

नाव बदलू का? गांगुर्डे लिहू?
‘नको. असू दे.’
आत काय ठेवू?
‘काही नको.’

त्यानंतर रोज नऊच्या बातम्या संपल्या की
आप्पा यायचे, दोनदा टिचकी मारायचे
(कधी चार वेळा, मधलं अंतर जमत नसे),
खिडकी उघडायची,
आत निळं, फक्त निळं.
थोडा वेळ बघायचे
आणि कोपऱ्यातल्या चौकोनावर बाण नेऊन
अगदी हळू बंद करायचे.

विल्सननं खोकं नेलं नोव्हेंबरात.
फ्लॉपी विसरला, की आम्ही आठवण केली नाही,
ती डाळीच्या डब्यामागे अजून आहे,
बुरशी धरलेली, लेबल माझ्या अक्षरात.
वाचायला आता कुठलं यंत्र नाही.
आप्पा विचारतात कधी कधी,
‘ते आहे ना?’
आहे म्हणते.
न मोजता.