दहा मिनिटांच्या आत

जळगावच्या धावपट्टीवरून सात चाळीसला उठले,
एकटी.
शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा
कॅप्टन नेहतेंनी स्वतः आवळला होता,
बकल सुटून दांड्यात अडकू नये म्हणून.
उतरताना म्हणाले, बाहेर बघ जास्त, डब्यात कमी.
डबा म्हणतात ते जीपीएसला.

नाक पूर्वेला. वाघूर ओलांडली.
उजवीकडे अजिंठ्याची रांग, डावीकडे सातपुडा
धुवून वाळत टाकल्यासारखा फिकट.
खाली केळी, केळीत पांढऱ्या रस्त्याचा भांग.
आणि डब्याच्या कडेला दिवा लुकलुकला.

आवाज नाही, दटावणी नाही.
बटण दाबल्यावर एकच ओळ:
पुढे प्रतिबंधित हद्द, दहा मिनिटांच्या आत.

त्याला ठाऊक नाही तिथे काय आहे.
तापीकाठची भिंत, भिंतीवरची तार,
गवत चढलेली एकासारखी एक कोठारं,
त्याच्या लेखी नुसती निळी रेघ,
जमिनीपासून अमुक फुटांपर्यंत.
ओलांडली तर दांडा धरून ठेवणार नाही,
एवढंच म्हणेल: आता तू आत आहेस.
त्याचा सगळा हिशेब माझ्यावरच,
माझा वेग, माझी दिशा,
मी आहे अशीच जात राहिले तर.

आप्पा एकतीस वर्षं त्या भिंतीआड गेले.
काडेपेटी फाटकावर ठेवायची,
जेवणाचा डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे.
संध्याकाळी मोरीत राखेनं हात घासत बसत,
नखांतलं करडं काही निघत नसे.
आम्ही काही विचारायच्या आधीच खोकत.
तो खोकला ऐकला की आई ताट सरकवायची,
मी पाढे म्हणायला घ्यायचे.
एकदाच विचारलं, सातवीत असताना:
तठे काय शे, आप्पा?
काही नही शे, म्हणाले,
आणि तांब्या तोंडाला लावला तो संपेपर्यंत.

पाच मिनिटं.
हँगरमधला रुबाब तडवी दर अठ्ठावीस दिवसांनी
डब्यातलं कार्ड बदलतो.
म्हणतो, ताई, जुनं राहिलं तर
हद्दही जुनीच दाखवेल बिचारा,
आणि इमानदारीनं दाखवेल.

तीन.
खरं सांगते, हात लगेच हलला नाही.
लहानपणी त्या फाटकाशी
शाळेच्या बसमधून मान वळवून वळवून बघितलेलं.
आता छत उघडं होतं,
आणि अडवायला एक दिवा, काजव्याएवढा.

मग डावा पंख खाली घातला.
तापी वर आली, वाळूतले ट्रॅक्टर,
धुण्याचा एक लाल ठिपका.
निळी रेघ पडद्याच्या काठाकडे सरकली
आणि दिवा विझला,
काही मागितलंच नव्हतं जणू.
उजव्या काचेत लांबवर
हिरवं चौकोनी काहीतरी, काडेपेटीएवढं.

रात्री आप्पांना सांगितलं.
डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडे बसून.
किती लांबून गेलीस?
दोन मैल.
बरं केलं.
भाकरीचा तुकडा वरणात बुडाला, तिथेच राहिला.
मी खोकल्याची वाट बघत होते.

मोर गैरा व्हतात तठे, म्हणाले.
कोठारांवर चढून बसायचे, पहाटेच्या पाळीला.
कोणी हाकलत नसे.