अक्षराला दोन रुपये

पेंटर बाबालाल शिकलगार, पलूस.
लुनाला शिडी आडवी बांधून आमणापूरला आला,
शाळेच्या भिंतीवरनं तळहात फिरवून म्हणाला,
"अक्षराला दोन रुपये. जोडाक्षराला तीन."

येसुगडे हेडमास्तरांनी चष्मा वर केला.
"आणि काना-मात्रा?"
"त्या माझ्याकडनं."

मी चौथीत. माझं काम चुन्याच्या दोरीचं टोक धरायचं.
दोरी ताणली की तो मधेच चिमटीत धरून सोडायचा,
फट्,
भिंतीवर पांढरी सरळ रेघ.
जगातली मोठी माणसं उभी करायला
तेवढी पुरायची.

मंजूर रक्कम सहाशे.
गुरुजींच्या वहीत माणसं मात्र फार.
एकाला एवढंच माहीत होतं की आपल्याला काही माहीत नाही.
गुरुजींनी बोटांवर मोजलं
आणि त्याच्या अज्ञानाला कात्री लावली.
आइन्स्टाइनमधलं जोडाक्षर तीन मजली निघालं,
त्यावर चहा गार होईस्तोवर वाद.
"एका खाटेवर तिघं झोपली," बाबालाल म्हणाला,
"म्हणून तिघांचा एक होत न्हाई, गुरुजी."
"पण दर जोडाक्षराचा ठरलाय."
हे खरं होतं. तरी नाव अकरा रुपयांना गेलं.

न्यूटन स्वस्त पडला. सात रुपयांत आख्खा.
म्हणून पूर्वेच्या भिंतीवर
ओळीनं तीन सुविचार न्यूटनचे.
त्यातला एक तर, मला दाट संशय आहे,
कुंडलच्या कापडदुकानाच्या कॅलेंडरवरचा.
आम्ही तेच पाठ केलं.
तालुक्याच्या भाषणात हात उगारून
मी ते कॅलेंडर न्यूटनच्या तोंडी घातलं
आणि शाईचं पेन जिंकून आलो.

सगळ्यात वर, स्लॅबच्या कडेखाली, उरल्या पैशात
तो बसवला,
ज्याला पृथ्वी हलवायला
फक्त उभं राहायला जागा पाहिजे होती.
नावापुरते पैसे उरले नाहीत.
तो तसाच राहिला, बिननावाचा, जागा मागत.

मग एका ऑगस्टात कृष्णा शाळेत आली.
दाखला नाही, दप्तर नाही,
थेट फळ्यापर्यंत.
स्लॅबवर आम्ही एकतीस माणसं, दोन शेळ्या,
आणि अनुसया मदनेंचा गॅस सिलिंडर,
जो त्या कुणाच्या हाती देत नव्हत्या.
दोन रात्री पृथ्वी हलवायचं
कुणी नाव काढलं नाही.
"जरा सरका. पाय ठेवू द्या."
एवढंच चाललं होतं.

पाणी उतरलं तेव्हा
न्यूटन तिन्ही ठिकाणांहून गेला होता.
नावं खाली लिहिलेली, ती गिलाव्यासकट पडली.
वाक्यं वर राहिली, कुणाचीच नसल्यासारखी.
त्या कॅलेंडरच्या बाबतीत
भिंत पहिल्यांदाच खरं बोलत होती.
उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाला
'आर्ट: बी. शिकलगार, पलूस' असायचं,
ही अक्षरं त्यानं बिलात कधी धरली नाहीत,
तीही गेली.

आता तिथं फ्लेक्स आहे.
फोटोसकट शास्त्रज्ञ, सनासकट,
ऊन खाऊन सगळे निळे पडलेले.

बाबालालला मी एकदा परत बोलावलं.
हात कापतो आता. शिडी नाही, लुना नाही,
पुतण्यानं सोडलं त्याला.
दोरीचं एक टोक मी धरलं, एक माझ्या पोरीनं.
ओलीच्या डागाशी डोळा लावून तो बराच वेळ थांबला,
मग फट्.
रेघेवर लिहिलं,
पाणी इथवर आलं होतं.

मी सवयीनं मोजलं.
दहा अक्षरं, जोडाक्षर एक नाही.
"आणि खाली नाव?" पोरीनं विचारलं. "हे कोण म्हणालं?"
त्यानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.
"ज्येनं बघितलं त्येचं."
दर जुनाच लावला. वीस रुपये मोजून घेतले.

मधल्या सुट्टीत पोरं
त्या रेघेला पाठ लावून उंची बघतात.
माझी पोरगी अजून चार बोटं खाली आहे.
उडी मारली तर वर.