गोळी विरघळेपर्यंत

प्लुंगेच्या शाळेत, जिमच्या फरशीवर
बुटांसोबत आत आलेला बर्फ मी पुसून काढते.
पाठ मैदानाकडे असते माझी,
तरी सांगू शकते चेंडू कुठे लागला:
कड्याच्या पुढच्या ओठाला लागला तर ठण्ण,
मागच्याला लागला तर ठप्प, जरा बसका,
आणि जाळीतून सरळ उतरला
तर नुसता सुस्कारा.

त्या हिवाळ्यात मात्र काही ऐकूच यायचं नाही.
वाइदोतास बोलायचा.
चेंडू जमिनीला टेकायच्या आत बोलायचा,
कोपर बाहेर! गुडघे कुठायत! मनगट सोड!
छान. छान नाही. परत. कोपर!
ह्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.
आमच्याकडे तीळ कुठले, खसखस म्हणा.

आणि मुलं पटापट सुधारायची, खोटं का बोला.
बारा वर्षांची स्मिल्ते, माझ्या पोछ्याच्या दांड्याएवढी,
दहातले आठ टाकायची,
तो शेजारी उभा असला की.

पण फडकं पिळताना मी एक पाहिलं.
चेंडू हातातून सुटला की
ती कड्याकडे बघतच नसे.
चेंडू अजून हवेत
आणि हिचे डोळे त्याच्या तोंडावर.

श्याउल्यायला सामना झाला.
बसवाल्या युओझापासने मला सांगितलं,
तिथल्या आरडाओरड्यात ह्याचा आवाज पोचलाच नाही.
फ्री थ्रोच्या रेषेवर पोरगी उभी राहिली
अंधारात पायरी चाचपडावी तशी.
नऊपैकी एक.
परतताना बसमध्ये कोणी बोललं नाही.
तोसुद्धा नाही.

सोमवारी म्हणाला, दांगुओले,
तुझ्याकडे चघळायला काही आहे?
एप्रनच्या खिशात पुदिन्याच्या कडक गोळ्या होत्या,
घशासाठी ठेवते.
एक तोंडात टाकली, भिंतीला टेकला,
हात काखेत कोंबले.
गोळी विरघळेपर्यंत शब्द काढायचा नाही, एवढाच नेम.
एका गोळीत वीसेक चेंडू होतात.

पहिले दहा दिवस काय सांगू.
ठण्ण. ठप्प. फळीच्या मागे.
एक तर माझ्या बादलीत.
दर वेळी ती वळून बघायची,
तो गालातली गोळी इकडून तिकडे करायचा,
मानेवरची शीर फुगायची बिचाऱ्याची.
आईबाप येऊन म्हणाले, पोरगी मागे चाललीय,
पगार कशाचा घेतोस?
त्याने त्यांनाही एकेक गोळी दिली.

मग एका गुरुवारी, बाहेर उणे सतरा,
चेंडू हवेत असताना आवाज आला, हलकेच,
तिचाच:
"कोपर."
आणि नंतर ठण्ण.
तिला आधी कळलं होतं.
कड्याच्याही आधी.

वळून बघणं कमी होत गेलं.
कधी सात-आठ चेंडूंनी चालत यायची,
विचारायची, डावा हात ढकलतोय का?
तो कडकन गोळी फोडायचा, घाईघाईने,
आणि एक वाक्य बोलायचा. एकच.
ते घेऊन ती रेषेकडे जायची
गरम बटाटा ओंजळीतून न्यावा तशी.

मार्चमध्ये, सुट्टीचे दहा दिवस मध्ये गेल्यावर,
वीस चेंडू. कोणी बोलायचं नाही.
मी पाठ फिरवून मोजत होते.
सुस्कारा, सुस्कारा, ठप्प, सुस्कारा,
पुढे एक ठण्ण होऊन मग आत.
"चौदा," मी म्हटलं.
वहीतही चौदाच.

"तेरा," स्मिल्ते म्हणाली.
"सहावा पडला, पण तो माझा नव्हता.
हातातून सुटला तेव्हाच चुकला होता."

वाइदोतासने तोंड उघडलं.
मिटलं.
तोंडात गोळी नव्हती,
मी पाहिलं.