उजवी, डावी

बोरीच्या पुलावर बस चढली की
मी कपाळावरचं गंध रुमालानं पुसतो.
पलीकडे मडगाव. तिथे मी कुणाच्या देवळाचा गुरव नाही.
बेकरीवरचा जिना, अकरा पायऱ्या.
चपला काढायला वाकलो तर आतून आवाज आला,
"राहू देत पायात."

पहिल्या गुरुवारी मी नुसता पंख्याकडे बघत बसलो.
दुसऱ्या गुरुवारी सांगितलं, प्रसाद कसा लावतात:
पिटकोळीच्या कळ्या पाण्यात बुडवून
देवाच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर डकवायच्या,
गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची.
उजवी पडली तर हो.
डावी पडली तर नको.
माणसं त्यावर विहीर खणतात. लेकी देतात.
ऑपरेशन करत नाहीत.

"आणि तुम्ही?" इव्हेटबाईंनी विचारलं.
मी म्हटलं, मला पाण्याचं कळतं.
कमी भिजलेली आधी सुटते,
हे नवव्या वर्षीच समजलं होतं.
बाबांनाही समजत असणार.
आम्ही कधी बोललो नाही.

कुंदाचं सांगायला पाच गुरुवार गेले.
स्थळ मला बरं वाटलं होतं,
म्हणून डावी मी नीट भिजवली.
उजवी पडली. घंटा वाजली. बहीण रडली, तेही आनंदानं.
आता ती बांबोळीच्या वॉर्डात
खिडकीकडे पाठ करून बसते.

देव असता तर निम्मा दोष त्याच्यावर टाकला असता.
तो नाही म्हटल्यावर
सगळाच माझ्या अंगावर आला.
आणि तरी पहाटे कुलूप मीच काढतो,
समयांना चिंच लावून घासतो,
लोक येतात, मी कळ्या भिजवतो,
हात सराईत आहेत, घसा कोरडा पडतो.

काल विचारलं, सोडू का देऊळ?
आणि सवयीनं तिच्या खांद्यांकडे बघत राहिलो,
आधी उजव्या, मग डाव्या.
काहीच पडलं नाही.
"मला माहीत नाही," ती म्हणाली,
"तुम्हालाही अजून नाही. चालेल ना?"
असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

निघताना तोंडातून गेलंच, देव बरें करूं.
दोघंही थबकलो.
तिच्या गळ्यात बारीकसा क्रूस आहे,
त्याचं विचारायचं नेहमी राहून जातं.
"दुसरा शब्दच नाही आपल्याकडे," मी म्हटलं.
"असू दे," ती म्हणाली. "गुरुवारी या."

खाली चार पाव घेतले, गरम.
पूल आला तेव्हा
गंधाची डबी खिशात होती
आणि तोंडात घास.