चौथ्या गाण्याआधीचा श्वास

गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते,
तरी तिसऱ्या मजल्यावरच्या लाकडी फरशीतून
अजून तेलाचा वास येतो, पावसाळी हवेत जास्तच.
फॉल रिव्हरमध्ये अशा वासाच्या इमारती पुष्कळ.
या एकीत, मागांचे खिळे उपटलेल्या भोकांवर गालिचा टाकून
पाच जणांनी पहिली डेमो कॅसेट भरली.
मी सोळाची. केबली गुंडाळायला यायचे.
आता मी मिक्सिंग करते,
हा नववा अल्बम,
आणि ते पन्नाशीला टेकलेत.

दुआर्ते दिवसा लोकांची छपरं दुरुस्त करतो.
उजवा गुडघा डॉक्टरांनी दोनदा उघडलाय.
जुन्या अल्बमांत त्याचं डबल पेडल
पत्र्यावर गारांचा मारा, संपेचना.
आता चार ठोके मारतो, पाचवा सोडून देतो.
मी हेडफोन उतरवून विचारलं, पाय दुखतोय?
म्हणाला, दुखतोय. पण सोडला तो त्याच्यासाठी नाही.
परत ऐक.
ऐकलं.
त्या रिकाम्या पाचव्यात गिटार पडते
विहिरीत दगड पडावा तशी,
आणि आवाज यायच्या आधी
आपणच काठावरून वाकून बघतो.

गिटारी दोन. वेंडेल, आणि त्याचा मेहुणा झेका.
इतक्या खाली उतरवलेल्या की तार
मागच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीसारखी झोलते.
वीस वर्षं एकमेकांवर कुरघोडी करण्यात गेली,
कोणाचा हात चपळ, कोणाचं सोलो लांब.
सहाव्या गाण्यात दोघं एकच सूर धरतात,
पण केसाइतका फरक ठेवून,
आणि त्या केसाच्या फटीतून काहीतरी घरघरत राहतं.
मी तो फरक नीट जुळवून दिला.
झेका म्हणाला, मोडलंस.
मग एक अख्खी दुपार मी तो परत बिघडवत बसले.

बास मॅनीचा. बासवाल्याबद्दल कोणी काही बोलत नाही.
काढून बघा. भिंत खाली बसते.

आणि आर्लिंदो.
स्वरतंतूंवरची गाठ काढली त्याला अकरा वर्षं झाली.
पूर्वीची किंकाळी उंच, काचेची;
काय ओरडतोय ते आम्हालाही छापील कागदावरून कळायचं.
ती आता येत नाही, तोही बोलावत नाही.
पोटाच्या तळातून आवाज आणतो
जड कपाट जिन्यावरून उतरवावं तसा,
एकेक पायरी, भिंतीला न घासता.
शब्द कळतात.
त्याचा बाप रंगखात्यात होता, निळी नखं घेऊन घरी यायचा.
'निळा' हा शब्द तो चार वेळा ओरडतो
आणि मग सगळी वाद्यं थांबवून एकदा गातो.
खरंच गातो, रविवारी आईशेजारी उभं राहून गायचा
तसा, जरा लाजत.
त्यानंतर जो ब्रेकडाउन कोसळतो
त्यात माझ्या टेबलावरचा कॉफीचा मग
दोन बोटं सरकला. मी मोजलं.

चौथ्या गाण्याआधी त्याने श्वास घेतला होता.
फाटका, आत बारीक शिट्टी असलेला.
मी तीस वर्षं लोकांचे श्वास कापत आलेय;
बोट आपोआप गेलं. कापला.
गाणं स्वच्छ झालं आणि कुणाचंच राहिलं नाही.
परत आणला. थोडा मोठाच केला.
कुणाला सांगितलं नाही.

रात्री सगळ्यांनी सलग ऐकलं.
चौथ्या गाण्याशी आर्लिंदो पाव चावता चावता थांबला,
माझ्याकडे बघितलं, आणि परत चावायला लागला.

खाली दुआर्तेची व्हॅन चालू होईना.
आम्ही मागून हात लावले.
एक, दोन, तीन, चार,
आणि पाचव्याला कुणीच काही केलं नाही,
ती आपली आपण नदीकडच्या उताराला लागली
आणि दुआर्ते, लंगडत, शिव्या देत, तिच्यामागे.